डुकरं नेमकी कशाने मेली?



मी सैन्यात इंजिनियर अधिकारी होतो. नोकरीतली काही वर्षं सीमा सडक संघटनेत, अरुणाचलातले रस्ते करण्यात गेली. तिथे माझ्याकडे डोझर चालवणारा एक माणूस होता. आसामच्या धेमाजी जिल्ह्यातला, मिसिंग समाजाचा. निवृत्त होताना त्याने विचारलं, "साब, पैसे का क्या करूँ?" मी बी.एस्सी. झालेला, त्यात अधिकारी, म्हणजे सल्ला द्यायची खोड दुप्पट. म्हटलं, डुकरं पाळ. तुमच्याकडे घरोघर असतातच, तू जरा मोठ्या प्रमाणावर कर. खाद्याचा खर्च वाचवायला हॉटेलांचं उष्टं-खरकटं आणून घाल, हेही मीच सांगितलं. ते उकळून घाल, हे मात्र सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं.

एप्रिल २०२०, लॉकडाऊन चालू. त्याचा फोन आला. अठरातली सतरा डुकरं नऊ दिवसांत मेली होती. उरलेली एक गाभण डुकरीण चार दिवसांनी गेली.

तो रडला नाही, मला दोषही दिला नाही. एवढंच विचारलं, "साब, अंदर क्या हुआ?" बाहेरचं त्याने पाहिलंच होतं. ताप, खाणं बंद, कान जांभळे. शेजाऱ्याने एक मेलेलं डुक्कर फाडून पाहिलं, तर प्लीहा सुजून काळी ठिक्कर पडलेली. (असं फाडू नये. रक्तातून रोग आणखी पसरतो. पण तेव्हा गावात हे कोण सांगणार?)

रोगाचं नाव आफ्रिकन स्वाइन फीवर. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्कं केलं. १९२१ साली माँटगोमेरी यांनी केनियातल्या या रोगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. २००७ मध्ये तो जॉर्जियात, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आपल्याकडे आसाम-अरुणाचलात पोचला. माणसाला तो होत नाही. पण २०१९च्या पशुगणनेत एकट्या आसामात एकवीस लाखांच्या आसपास डुकरं होती, देशात सर्वांत जास्त. तिथे डुक्कर म्हणजे घरची बँक.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी वाचत बसलो. ते मला कळलं ते आमच्या धंद्यातल्या एका गोष्टीमुळे.

माघार घ्यावी लागली तर पूल शत्रूच्या हाती पडू नये, म्हणून सॅपर त्याला आधीच सुरुंग लावून ठेवतात. स्फोटकं जागेवर, तार जोडलेली, माणूस बटणापाशी. हुकूम आला की पूल पाण्यात. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी अशीच सुरुंग लावून ठेवलेली असते. कॅस्पेज नावाची विकरं आत निजून असतात. विषाणू शिरल्याचं कळलं की ती जागी होतात आणि पेशी स्वतःला व्यवस्थित मोडते, म्हणजे विषाणूचा कारखाना सुरू व्हायच्या आतच बंद. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये याला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिलं. ग्रीक शब्द, झाडाच्या पानगळीवरून घेतलेला.

हा विषाणू शिरतो तो मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे थेट पहारेकऱ्यातच. आणि आधी तार कापतो. त्याचं ए१७९एल नावाचं प्रथिन आपल्या शरीरातल्या बीसीएल-२ची नक्कल आहे. मरणाचा निरोप नेणाऱ्या प्रथिनांना ते वाटेतच धरून ठेवतं. दुसरं, ए२२४एल, थेट कॅस्पेज-३ला जखडतं. पेशीला मरायचं असतं, पण मरता येत नाही. तेवढ्या वेळात तिच्यात नवे विषाणू तयार होत राहतात.

आता गंमत पाहा. याच विषाणूचं पी५४ हे प्रथिन उलटं काम करतं. पेशीच्या आत माल ओढणारी डायनीन नावाची एक यंत्रणा असते. पी५४ तिच्या एका कडीला चिकटतं. स्पेनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की पेशीत नुसतं पी५४ भरपूर तयार केलं तरी कॅस्पेज जागी होतात. त्यातला कडीला चिकटणारा तेरा अमिनो आम्लांचा तुकडा काढला, की होत नाहीत. एकच शत्रू तारही कापतो आणि बटणही दाबतो. माझ्या समजुतीप्रमाणे फरक आहे तो वेळेचा. माल तयार होईपर्यंत पूल उभा हवा, नंतर पडला तरी चालतो.

पण डुक्कर मरतं ते एवढ्यावर नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गच्चीत जाऊन बसलो.

विषाणू ज्यांच्यात शिरतच नाही, त्या लिम्फोसाइट पेशीही ढिगाने मरतात. शरीराचं खरं सैन्य तेच. बाधित मॅक्रोफेज टीएनएफ-अल्फा नावाचं रसायन मोठ्या प्रमाणात सोडतो, एरवी धोक्याचा इशारा म्हणून वापरायचं. लिम्फोसाइटला तो स्वतःचा पूल उडवण्याचा हुकूम वाटतो. बाधित मॅक्रोफेज ज्या द्रवात वाढवले, तो द्रव निरोगी लिम्फोसाइटवर घातला तर त्या मरतात. टीएनएफला अडवणारी प्रतिपिंडं मिसळली, की मरण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे पकडलेल्या पहारेकऱ्याच्या वायरलेसवरून खोटा हुकूम गेला आणि शत्रू न पाहिलेल्या तुकड्यांनी स्वतःलाच संपवलं. सैन्यच नाही, रक्तवाहिन्या गळताहेत, मग नऊ दिवस पुरेसे होतात.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं, डोझर आणि पुलाच्या भाषेत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "तो उनकी गलती नहीं थी." डुकरांची चूक नव्हती. माझ्या चुकीबद्दल बोलायचं मलाच होतं. साठ अंश तापमानाला वीस मिनिटं ठेवलं तरी हा विषाणू मरतो, हेही मी त्याला त्याच फोनवर सांगितलं.

दोनेक वर्षं त्याचा चांग घराखालचा गोठा रिकामा होता. गेल्या हिवाळ्यात त्याने पुन्हा तीन पिल्लं आणली. परक्याला आत सोडत नाही, दाराशी चुन्याचं पाणी ठेवतो, खरकटं मोठ्या पिंपात शिजवतो. "उकळी आल्यावर अर्धा तास ठेव," मी म्हटलं.

"साब, मैं एक घंटा रखता हूँ."