अक्षराची मालकी



आपल्या कुंभिवलीचे नाव लिहिताना 'भ' आधी की वेलांटी आधी? प्रश्न पोरकट वाटेल. पण डोळ्यांना वेलांटी आधी दिसते आणि जिभेवर 'भ' आधी येतो. अशा भेदांपायी संगणकावरच्या मराठी मजकुराची फार नासाडी झाली आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला कळतो आकडा. इंग्रजी मोठ्या 'ए'चा आकडा ६५. देवनागरीचे सर्वमान्य आकडे घरोघरच्या यंत्रांवर नव्हते, तेव्हा टंक, म्हणजे फाँट, विकणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्याच घरांत त्यांनी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. एकाने ६५च्या घरात समजा 'म' ठेवला, तर दुसऱ्याने तेथेच काना. वेलांटी दिसते तशी आधी. तो टंक यंत्रावर असेल तोवर मराठी. नसेल तर निव्वळ गबाळ.

माझ्या एका स्नेह्याने १९९८ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या अशाच टंकात उतरवल्या. पुढे आजी गेली. काही वर्षांनी नव्या यंत्रावर फाईल उघडली, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे! त्या दिवशी तो जेवला नाही, एवढेच सांगतो.

वास्तविक उपाय तयार होता. भारतात १९८८ साली 'इस्की' हे प्रमाण झाले. त्याच्याच आधारे १९९१ साली युनिकोडने देवनागरीला घरे दिली. त्यात 'क' म्हणजे २३२५, कर्जतला तोच आणि कॅनडातही तोच. वेलांटी 'भ'च्या नंतर. जिभेचा कौल मान्य झाला. अर्थात हे मंडळ कॅलिफोर्नियातले आणि त्याचे मतदार बहुतेक बड्या कंपन्या. आपल्या 'ॲ'ला स्वतंत्र घर मिळायला २००८ साल उजाडावे लागले. हे मला खटकते.

आता कायद्याचे पाहा. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' सिद्ध केले. गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो, म्हणून १ जानेवारी २०११पासून त्यांचे लेखन कोणीही छापावे. कायद्याच्या मालकीला निदान मुदत आहे. गुप्त आकड्यांच्या मालकीला मुदत कुठली? आजीच्या ओव्यांवर कोणाचाच दावा नव्हता, तरी त्या कुलपात पडल्या.

सुदैवाने स्नेह्याकडे जुन्या छपाईचे एक पान निघाले. पानावरचे मराठी अक्षर आणि पडद्यावरचे गबाळ समोरासमोर ठेवून त्याने कोष्टक केले, शिलालेख वाचावा तसे. बऱ्याच ओव्या सुटल्या. काही जोडाक्षरे मात्र त्या पानावर नव्हतीच. तेथे तो आता आत्याला चाल म्हणायला लावतो आणि शब्द कानाने ओळखतो.