जामखेडचे रुग्णालय : भिंतीबाहेरचे आरोग्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवी निधीतून आरोग्यविषयक एखादे कायमचे कार्य उभारावे, असा मनोदय कार्यकारिणीने व्यक्त केला आहे. कोणी रुग्णालयास खोली बांधून द्यावी म्हणतात, कोणी रुग्णवाहिका सुचवितात. या सूचना सद्भावनेच्याच आहेत. तथापि निर्णय होण्यापूर्वी आपल्या महाराष्ट्रातील एका लहानशा ग्रामीण रुग्णालयाचा इतिहास सर्वांसमोर यावा, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

जामखेड हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त तालुका. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने कार्यास आरंभ केला. रजनीकांत त्याच जिल्ह्यातील राहुरीचे. मेबलबाईंचा जन्म जबलपूरचा. आणि दोघांचेही वैद्यकीय शिक्षण झाले वेल्लोरला. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपणांस हा योग विशेष जवळचा वाटावा.

जामखेडपूर्वी हे दांपत्य वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. तेथे त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. हगवणीने सुकलेले मूल सलाइन देऊन बरे करावे, आणि तेच मूल पुन्हा तोच आजार घेऊन यावे. गावातले पाणी तेच, घरातली उपासमारही तीच. दारात आलेल्या रोग्यावर कितीही निष्ठेने उपचार केले, तरी रोगाचे मूळ दाराबाहेरच राहात होते. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले आणि जामखेडला जनावरांच्या एका जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केले.

त्यांनी प्रथम गावकऱ्यांचे म्हणणे ऐकले. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती. ती पाण्याची आणि अन्नाची होती. १९७२ च्या दुष्काळाचा तो काळ. विंधन विहिरी घेण्याची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घ्याव्यात, असा आग्रह डॉक्टरांनी धरला. ज्याला पाणी हवे, त्याने त्या वस्तीत जावे! अस्पृश्यतेवर शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते, ते एका हातपंपाने साधले.

आरंभी गावोगाव प्रशिक्षित परिचारिका पाठविण्याचा प्रयोग झाला. तो फसला. परक्या, शिकलेल्या मुलीपाशी गावातील बाई मन मोकळे करीना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. या बहुधा प्रौढ, निरक्षर आणि कित्येक दलित समाजातील. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, एका पंगतीत जेवत, शिकत आणि परत जाऊन शेजारणींना शिकवीत. सुरक्षित बाळंतपण, मुलांची वजने, मीठ-साखरेचे पाणी, क्षय व कुष्ठरोगाची लक्षणे हे सारे त्यांनी आत्मसात केले. जिला कालपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, तिलाच आता बाळंतिणीच्या खोलीत मानाने बोलावणे येऊ लागले.

फळ काय मिळाले? संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तेथे दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगास स्थान दिले. १९७९ मध्ये उभयतांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. मेबलबाई १९९९ मध्ये व रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले; कार्य मात्र थांबलेले नाही.

याचा अर्थ रुग्णालय नको, असा नव्हे. अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रिया लागतेच, आणि ती करणारे रुग्णालय जामखेडला होते म्हणूनच गावातील कार्यकर्तीच्या शब्दाला वजन आले. परंतु त्या रुग्णालयाने आपली प्रतिष्ठा भरलेल्या खाटांवर मोजली नाही. घरीच टळलेले आजारपण हे त्याने आपले यश मानले.

आमचे उभे आयुष्य केंद्र सरकारच्या सेवेत, अंदाजपत्रके आणि पूर्ततेचे अहवाल लिहिण्यात गेले. इमारतीचा अहवाल लिहिणे सोपे असते. कोनशिला दिसते, छायाचित्र निघते. न झालेल्या आजाराचे छायाचित्र निघत नाही. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सरकारने १९७७ मध्ये आणली, २००५ पासून ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या. ही दिशा योग्यच होय. परंतु विश्वास परिपत्रकाने निर्माण होत नाही. तो माणसांनी माणसांत राहून मिळवावा लागतो.

म्हणून आमची विनंती अशी. आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या भगिनी ज्या वस्तीत राहतात, तेथे आपण प्रथम जाऊन विचारावे. त्यांनी निवडलेल्या चार-पाच स्त्रियांच्या शिक्षणाचा आणि मानधनाचा भार तीन वर्षे निधीने उचलावा. वजनकाटा व रक्तदाब पाहण्याचे यंत्र द्यावे. मंडळातील डॉक्टर आणि परिचारिका यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी, आणि शिकवणे त्या वस्तीच्या भाषेत व्हावे. पन्नास वर्षे या प्रांताचे अन्नपाणी घेतले, त्याची भाषा आपल्या तोंडी रुळली आहे. ती आता उपयोगी पडू द्या.

या कामावर मंडळाचा नामफलक लागणार नाही. पण वस्तीतील एखादे मूल पहिला वाढदिवस पाहील, आणि त्याच्या आईला आपल्या मंडळाचे नाव ठाऊकही नसेल. सुवर्णमहोत्सवाची याहून मोठी सांगता आम्हांस तरी सुचत नाही.