फळा, रेघ आणि अक्षर



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात वेब ॲप्लिकेशनमधील फळ्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु फळा हा मुळात अक्षराचा विषय आहे; आणि बेळगाव-निपाणी भागात अक्षर हा साधा विषय कधीच नव्हता. येथील मराठी शाळेतले मूल देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या गिरवते. शाळेच्या ॲप्लिकेशनमध्ये फळा बसवायचा, तर तिन्हींना त्यावर सन्मानाची जागा हवी.

पूर्वी धूळपाटीवर अक्षर काढीत. पुसले की संपले. ब्राउझरमधील फळ्याला कॅनव्हास म्हणतात. ॲपल कंपनीने २००४ साली तो आणला. त्याचा स्वभावही धूळपाटीचाच. त्यावरची रेघ म्हणजे केवळ रंगलेले ठिपके. फळ्याचे माप नव्याने ठरवले की सारे पुसले जाते. मुलाने फोन आडवा केला, ॲप्लिकेशनने माप बदलले, आणि लिहिलेले गेले! म्हणून जाणता कारागीर चित्रावर विसंबत नाही, हाताची वाट जपतो. बोट कोठे टेकले, कोठून कसे गेले, केव्हा उचलले, हे बिंदूंच्या क्रमाने नोंदवून त्यावरून तो पुन्हा रेखाटन करतो. शिक्षकाला याचा केवढा लाभ! मुलाने ‘ळ’ कोठून आरंभला, शिरोरेषा आधी ओढली की शेवटी, हे मागाहूनही पाहता येते. खडूच्या फळ्याने ही सोय कधी दिली नव्हती.

टंकित मजकुराची गोष्ट निराळी. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, लेखनात मात्र त्याच्या आधी दिसते. युनिकोड उच्चारक्रम पाळतो. अखंड शब्द फळ्यावर उतरवला तर ब्राउझर जुळणी नीट करतो. रोमन लिपीच्या सवयीने एकेक खूण सुटी मांडली, तर वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षर मोडते. समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ यांतला भेद ज्या फळ्यावर दिसत नाही, तो मराठी शाळेच्या कामाचा नाही.

तयार फळेही मिळतात. २०२० साली सुरू झालेला एक्सकॅलिड्रॉ मुक्त परवान्याचा असून आपल्या ॲप्लिकेशनमध्ये बसवता येतो. मात्र त्याचे हस्ताक्षरी वळणाचे अक्षर देवनागरीसाठी घडवलेले नाही. तेथे चांगला देवनागरी टंक आपण जोडून द्यावा आणि भाषा मराठी अशी नोंदवावी. टंकात सोय असल्यास ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात.

फळा आपल्या सोयीचा करणे म्हणजे रंगांच्या पेट्या वाढवणे नव्हे. त्या चार असल्या तरी पुरे. रेघ महत्त्वाची. आपले अक्षर शिरोरेषेला लोंबते, कन्नड अक्षराला तशी अखंड शिरोरेषा नाही, इंग्रजी गिरवायला चार रेघा लागतात. तेव्हा पार्श्वभूमीची आखणी, तिचे अंतर आणि जाडी बदलण्याची मुभा शिक्षकाला असावी.

बसवणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी ‘निपाणी’, ‘विद्यार्थी’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द ठेवावेत. बेळगावचे नाव कन्नड लिपीतही लिहावयास सांगावे. मग फोन एकदा आडवा, एकदा उभा धरून पाहावा.