पडद्यावरील मजकूर : वापरून परत देण्याचा शिष्टाचार



उसनी घेतलेली जागा वापरून झाल्यावर होती तशी परत करावी, हा शिष्टाचार घरोघरीं लहानपणींच शिकविला जातो. संगणकाच्या प्रोग्रॅमांच्या तो अंगवळणीं पडावयास मात्र बरींच वर्षें लागलीं, आणि त्यांतील कांहींना तो अद्यापिही पुरता साधलेला नाहीं.

समजा, वाशीम जिल्ह्यांतील मंगरूळपीर येथें एखादा कारकून दूरच्या शहरांतील संगणकाशीं जोडलेल्या काळ्या पडद्यापुढें बसला आहे. या पडद्यावर चित्रें नाहींत. केवळ २४ ओळी आणि दर ओळींत ८० अक्षरांची जागा. त्यानें तालुक्यांतील गांवांची यादी मागविली. शेलूबाजार, आसेगाव अशीं नांवें व त्यांपुढील आकडे पडद्यावर आले. एका नांवांत चूक दिसली, म्हणून त्यानें दुरुस्तीचा प्रोग्रॅम उघडला. त्या प्रोग्रॅमनें सारा पडदा व्यापला. दुरुस्ती झाली, प्रोग्रॅम बंद झाला. आतां ती यादी कोठें गेली? त्या आकड्यांकडे पाहूनच पुढचें काम करावयाचें असेल, तर यादी नाहींशी होणें म्हणजे हातचें काम पुन्हां आरंभापासून करणें होय.

ही अडचण कांचेच्या पडद्याबरोबर आली. तत्पूर्वीं संगणकाचें उत्तर टेलिप्रिंटरच्या कागदी गुंडाळीवर छापून येई. कागद लांबत जाई, पण छापलेलें अक्षर जात नसे. पडद्याला मात्र सीमा आहे. अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीनें १९७८ सालीं व्हीटी-१०० नांवाचें टर्मिनल बाजारांत आणलें. पुढें अनेकांनीं त्याचेंच अनुकरण केलें. कर्सरची जागा लक्षांत ठेवणें व त्या जागीं परत जाणें, या आज्ञा त्याला कळत असत. परंतु तेवढ्यानें भागत नव्हतें. पान पुसून गेल्यावर त्यांत ठेवलेल्या खुणेचा उपयोग काय? मुख्य अडचण अशी कीं, मजकूर राही टर्मिनलच्या मेमरींत आणि प्रोग्रॅम चाले दूरच्या संगणकांत. प्रोग्रॅम अक्षरें पाठवूं शके. परंतु ‘सध्यां पडद्यावर काय आहे तें सांग’, असें विचारण्याची सर्वमान्य सोय नव्हती. जें वाचतां येत नाहीं, त्याची नक्कल ठेवावी कशी?

डॉसच्या काळांतील पीसींत ही भिंत नव्हती. तेथें पडद्यावरील २५ ओळींचीं २,००० अक्षरें संगणकाच्याच मेमरींत एका ठराविक जागीं असत. दर अक्षरामागें एक बाइट अक्षराचा व एक त्याच्या रंगाचा, असे एकूण ४,००० बाइट. प्रोग्रॅमनें आरंभीं ते दुसरीकडे उतरवून घ्यावे, आपलें काम करावें, आणि निघतांना जागच्या जागीं ठेवावे, कीं मूळ पडदा जसाच्या तसा उभा. बोरलँड कंपनीचा १९८४ चा साइडकिक हा प्रोग्रॅम याच युक्तीवर चाले. पत्र लिहितां लिहितां कळ दाबावी, पडद्यावर हिशेबाचें यंत्र किंवा टिपणवही यावी, आणि काम होतांच पत्र पूर्ववत् दिसावें. त्याच कंपनीच्या टर्बो सींत या कामासाठीं गेटटेक्स्ट व पुटटेक्स्ट अशीं दोन तयार फंक्शनें होतीं. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचीं सी भाषेवरील पुस्तकें देशभरच्या विद्यार्थ्यांनीं वाचलीं. त्यांतील एक पुस्तक तर मेमरींत दडून राहून हाकेसरशीं पुढें येणाऱ्या अशा प्रोग्रॅमांवरच आहे.

दूरच्या संगणकाच्या बाबतींत मात्र उपाय टर्मिनलमध्येंच करावा लागला. तो समजण्यास शाळेंतील फिरता फळा डोळ्यांपुढें आणावा. गणिताच्या मास्तरांची आकृति एका बाजूस तशीच राहूं देऊन भूगोलाचे मास्तर फळा उलटवितात, दुसऱ्या बाजूवर नकाशा काढतात, आणि जातांना फळा पुन्हां फिरवून ठेवतात. १९८४ सालीं प्रथम लिहिल्या गेलेल्या एक्सटर्म या टर्मिनल-प्रोग्रॅमांत अशी दुसरी बाजू आहे. टर्मिनलागणिक आज्ञा निराळ्या असतात. म्हणून बर्कली विद्यापीठांत बिल जॉय यांनीं १९७८ च्या सुमारास टर्मकॅप नांवाची सूची केली होती. प्रोग्रॅमनें प्रवेश करतांना काय पाठवावें व निघतांना काय पाठवावें, याच्या नोंदी तींत असत. आज बहुतेक टर्मिनलांना १०४९ या क्रमांकाची आज्ञा कळते. ती कर्सरची जागा टिपते, दुसरी बाजू पुढें आणते व ती कोरी करते. निघतांना तीच उलट दिली कीं पहिली बाजू कर्सरसह परत येते. आपल्या कारकुनाची यादी या रीतीनें वांचते.

येथें एक वाद उपस्थित होतो. माहितीचें पान वाचून प्रोग्रॅम बंद केला कीं तें पानही दुसऱ्या बाजूबरोबर अदृश्य होतें, आणि त्यांतील जी ओळ पाहून आज्ञा लिहावयाची, तीच नेमकी डोळ्यांआड जाते. अनेकांस हें आवडत नाहीं. त्यांची तक्रार रास्त आहे. दुरुस्तीच्या प्रोग्रॅमनें पडदा परत द्यावा हें योग्य. परंतु वाचनासाठीं मागविलेलें पान हें मागणाऱ्याच्याच मालकीचें असतें. म्हणून ‘लेस’ या वाचनाच्या प्रोग्रॅमला ही अदलाबदल करूं नको असें सांगण्याची सोय ठेविलेली आहे. परत काय द्यावें, हें पडद्याच्या मालकानें ठरवावें, पाहुण्यानें नव्हे.

पाहुणा मध्येंच गतप्राण झाला, तर फळा फिरवावयास कोणी उरत नाहीं. मग लिहिलेलें उमटत नाहीं किंवा ओळी वेड्यावांकड्या पडतात. ‘रीसेट’ या आज्ञेनें टर्मिनल ताळ्यावर येतें, पण आधींचा मजकूर परत येईलच असें नाहीं. जोडणी तुटण्यावर मात्र चांगला उपाय निघाला आहे. १९८७ सालचा ‘स्क्रीन’ व २००७ सालचा ‘टीमक्स’ हे प्रोग्रॅम दूरच्या संगणकांतच पडद्याची संपूर्ण प्रत बाळगतात. मंगरूळपीरची वीज गेली, तरी तिकडचें काम चालूं राहतें. पुन्हां जोडणी झाली कीं सारा पडदा नव्यानें रेखाटला जातो.

मराठी माणसास याहून जवळचा असा एक प्रश्न आहे. ही सर्व योजना ‘एक चौकोन, एक अक्षर’ या इंग्रजी लिपीच्या हिशेबानें झाली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट कार्डानें डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली, हें मोठेंच काम झालें. परंतु ‘मंगरूळपीर’ हेंच नांव पाहावें. उच्चारांत अक्षरें सहा. युनिकोडमध्यें मात्र अनुस्वार, ऊकार व ईकार वेगळे धरून संकेत नऊ. जें टर्मिनल एका चौकोनांत एकच संकेत जपून ठेवतें, तें पडदा परत देतांना ‘मगरळपर’ एवढेंच देईल. चांगलीं टर्मिनलें आतां एका चौकोनांत अनेक संकेत ठेवूं शकतात. तथापि प्रोग्रॅम व टर्मिनल यांची अक्षरांच्या रुंदीची मोजणी जुळली नाहीं, तर ओळ अजूनही सरकते.

यादी परत आली, पण गांवाचें नांव मोडून आलें, तर ती परत आली असें म्हणतां येणार नाहीं. कारकून त्याच नांवावरून पुढचा कागद लिहिणार असतो. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें काम संपलें असें म्हणण्यापूर्वीं पडद्यावर एखाद्या मराठी गांवाचें नांव लिहावें, प्रोग्रॅम उघडून बंद करावा, आणि तें नांव काना-मात्रेसह परत आलें कीं नाहीं, हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें.