आपल्याच पेशी, आपलेच औषध
(भाषणाचा सारांश)



गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ बहुतांशी एचपीव्ही नामक विषाणूत असते. रोगाशी झुंजणाऱ्या काही पांढऱ्या पेशी गाठीत शिरतात, परंतु त्या अपुऱ्या पडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉक्टरांनी अशा पेशी रुग्णाच्याच गाठीतून काढल्या, प्रयोगशाळेत वाढविल्या आणि तिच्याच शरीरात परत सोडल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रोग इतरत्र फैलावलेल्या ९ स्त्रियांपैकी तिघींना गुण आला. त्यांतील दोघींच्या गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या. सहाजणींना मात्र लाभ झाला नाही.

यश आशादायक आहे. तथापि उपचार कष्टप्रद असून सर्वांच्या आवाक्यातला नाही. तपासणी मात्र आवाक्यात आहे. तिशी ओलांडलेल्या भगिनींनी संकोच सोडून सरकारी आरोग्य केंद्रात ती अवश्य करून घ्यावी. वेळीच ओळखलेला हा रोग बरा होऊ शकतो.