आई एकटीच फिरून आली

(माजी विद्यार्थी मेळाव्यात ‘प्रवासातून काय मिळालं’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर संयोजकांना वाटलं, ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार. त्यावर बोलायला आपल्या वर्गात माझ्यापेक्षा हुशार माणसं आहेत. मी आज एका हॉटेलवर बोलणार आहे. हसू नका. आपण सगळे चाळिशीत, आपले आई-वडील सत्तरीत, आणि आपल्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात. आई-वडील आपल्याकडे येतात तेव्हा त्यांना कुठं न्यायचं आणि कसं न्यायचं, हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे. मला त्याचं एक उत्तर बॉस्टनच्या धक्क्यावर मिळालं, ते सांगते.

मी न्यू जर्सीत राहते. घर छान आहे, झाडं आहेत, हरणं अंगणात येतात. पण वाण्याचं दुकान चार किलोमीटरवर, रस्त्याला फुटपाथ नाही आणि बस तर नाहीच. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदा एकटी माझ्याकडे आली. वय ७४, गुडघे दुखरे, डोकं मात्र लख्ख. रत्नागिरीत रोज संध्याकाळी मांडवीवर फेरी मारणारी, वाटेत दहा जणांशी बोलणारी बाई. दुसऱ्याच महिन्यात तिनं विचारलं, “माझं तिकीट अलीकडे घेता येईल का गं?” काय कमी पडतंय, असं मी विचारल्यावर म्हणाली, “काही कमी नाही. पण मी इथं पार्सल झालेय. कुणीतरी उचलून गाडीत ठेवायचं, कुणीतरी उचलून घरात ठेवायचं.”

माझ्याकडे स्थळांची यादी तयार होती. नायगारा, वॉशिंग्टन, सगळं. पण त्या प्रत्येक ठिकाणी आई गाडीच्या मागच्या सीटवरच बसणार होती. मग मी उलटा शोध घेतला. असं कोणतं शहर आहे, जिथं ही बाई दाराबाहेर पडेल आणि स्वतःच्या पायांनी कुठंतरी पोचेल?

बॉस्टन हे मोटारी येण्याच्या कितीतरी आधी वसलेलं शहर. त्याचा जुना भाग लहानसा, माणसाच्या चालीच्या मापाचा. त्याच्या पूर्वेच्या टोकाला पाण्यात शिरलेला लाँग व्हार्फ, म्हणजे लांब धक्का. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, तेव्हा तो जवळजवळ अर्धा किलोमीटर समुद्रात गेलेला होता. पुढे शहरानं भराव टाकत टाकत समुद्र मागे सारला आणि धक्का आखूड झाला. १८४७ साली पूर्ण झालेलं कस्टम हाउस तेव्हा पाण्याच्या काठाशी होतं. आज ते आत, रस्त्यांच्या मधोमध उभं आहे. या लाँग व्हार्फवरच्या एका हॉटेलात आम्ही तीन रात्री राहिलो. एका रात्रीचं भाडं किती, ते मी आईला आजवर सांगितलेलं नाही. ती इथं तिसऱ्या रांगेत बसली आहे, त्यामुळे आजही सांगणार नाही.

जूनचा पहिला आठवडा होता. गाडी घरीच ठेवली. शहरात पार्किंगचा खर्च मोठा, म्हणून न्यूअर्कहून रेल्वेनं निघालो आणि साधारण साडेचार तासांत साउथ स्टेशनला उतरलो. विमानानं येणाऱ्यांना तर आणखी सोपं आहे. विमानतळाच्या स्टेशनावरून मेट्रोच्या ब्लू लाइननं दुसऱ्या थांब्यावर उतरायचं, की लाँग व्हार्फ समोर.

खोलीच्या खिडकीतून बंदर दिसत होतं. फेरीबोटी, देवमासे दाखवायला खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या बोटी, आणि पाण्यापलीकडच्या विमानतळावर उतरणारी विमानं. आई खुर्ची ओढून बसली ती तासभर. मग म्हणाली, “ती छोटी बोट वेळेवर सुटते हो. आपल्या एसटीपेक्षा बरी.” मी निवांत झाले. आई टीका करायला लागली म्हणजे तिला बरं वाटतंय.

पहिल्या संध्याकाळी आम्ही क्विन्सी मार्केटला गेलो. १८२६ सालची दगडी मंडई, आता आत सगळी खाण्याची दुकानं. चालत दहा मिनिटं, आईच्या चालीनं वीस. मंडईभोवती दगडी फरसबंदी आहे, ती गुडघ्यांना त्रास देते. काठी असेल तर घेऊन जा. तिथं बॉस्टनचं प्रसिद्ध क्लॅम चाउडर घेतलं. आईनं एक चमचा तोंडात घातला, थांबली आणि म्हणाली, “तिसऱ्या दुधात घातल्यायत!” कोकणातल्या माणसाला हा धक्का मोठाच. पण वाटी संपवली. वर सांगितलं, “आलं-लसूण आणि नारळ असता तर कुठच्या कुठं गेलं असतं.”

आता दुसरा दिवस. सकाळी सहाला मला जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. टेबलावर चिठ्ठी: ‘खाली पाण्याजवळ जाऊन येते. कार्ड घेतलंय.’ कार्ड म्हणजे हॉटेलचं नाव-पत्ता असलेलं कार्ड, जे मी आदल्या दिवशी तिच्या पर्समध्ये ठेवलं होतं. फोनही तिच्याजवळ होता. मी खिडकीशी गेले. खाली धक्क्यावर निळा स्वेटर आणि पांढरे बूट दिसले. आई धक्क्याच्या टोकाकडे चालली होती, हळूहळू, मध्ये थांबत. मी कपडे बदलले, चप्पल पायात घातली, आणि मग पुन्हा काढून ठेवली. खाली गेले नाही. खिडकीतूनच पाहत राहिले. बाबा गेल्यापासून तिला असं, कुणाच्या सोबतीशिवाय आणि कुणाच्या परवानगीशिवाय चालताना मी पाहिलं नव्हतं.

सव्वासातला ती आली, आणि मग बोलायला लागली. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथं तो समुद्राच्या बाजूनं वर येतो. टोकाशी एक गृहस्थ गळ टाकून बसलेत, त्यांच्या बादलीत अजून काही नाही. पलीकडच्या बागेत वेलींचा लांबच लांब मांडव आहे, त्याखाली बाकं आहेत. पाणी रात्रीपेक्षा कितीतरी खाली गेलंय, म्हणजे इथली ओहोटी आपल्यापेक्षा मोठी. हे तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, तिथं भरती-ओहोटीत सरासरी तीन मीटरचा फरक पडतो. आणि शेवटी, गुपित सांगावं तसं: “मत्स्यालयाबाहेर सील आहेत. तिकीट नाही. चल, दाखवते.”

“चल, दाखवते.” गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य फक्त मी म्हणत होते.

मग तिनं मला सील दाखवले. न्यू इंग्लंड अॅक्वेरियमच्या दारासमोर ते खरंच बाहेरूनच दिसतात. नंतर तिकीट काढून आत गेलो. मधोमध चार मजली उंच गोल टाकी आहे, तिच्याभोवती चढणीची वाट फिरत जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना जिना चढावा लागत नाही. टाकीत मर्टल नावाचं मोठं हिरवं समुद्री कासव आहे. १९७० पासून ते तिथं आहे आणि त्याचं वय सत्तरीच्या पुढचं धरतात. आईनं वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिलेली. मर्टलकडे बघून म्हणाली, “ही माझ्याच वर्गातली.”

दुपारी खोलीवर येऊन दोन तास झोप. संध्याकाळी नॉर्थ एंड या जुन्या इटालियन वस्तीत. तिथं जाताना फ्रीडम ट्रेलची लाल पट्टी रस्त्यावर दिसते. स्वातंत्र्ययुद्धाशी संबंधित १६ ठिकाणं जोडणारी ही चार किलोमीटरची वाट. आम्ही तिचा एक तुकडा, पॉल रिव्हिअरच्या साधारण १६८० सालच्या लाकडी घरापर्यंत चाललो आणि तिथं थांबलो. सगळं पाहायलाच हवं असं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आईला खिडकीतून आवडलेल्या त्या ‘वेळेवर सुटणाऱ्या’ बोटीनं दहा मिनिटांत चार्ल्सटाउनला गेलो. तिथं १७९७ साली पाण्यात उतरवलेली ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही युद्धनौका आजही तरंगते आहे. खालच्या मजल्यांचे जिने फार उभे, म्हणून आई वरच्या डेकवरच राहिली. तिथं मी तिला बर्फाची गोष्ट सांगितली. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी बॉस्टनच्या आसपासच्या तळ्यांचा बर्फ हिवाळ्यात कापून जहाजानं जगभर विकायचा. मे १८३३ मध्ये त्यानं १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांनी जहाज पोचलं तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला. यंत्राशिवाय, नुसत्या लाकडाच्या भुशात बांधून, विषुववृत्त दोनदा ओलांडून! आई म्हणाली, “आणि तू मला आंब्याची पेटी नीट पोचेल का विचारतेस.”

मित्रांनो, इंजिनिअर म्हणून मला त्या काठाची आणखी एक गोष्ट भावली. आई ज्या वाटेनं सकाळी एकटी फिरली, ती वाट आपोआप झालेली नाही. माझ्या लहानपणी त्या बंदराचं पाणी अमेरिकेतल्या सर्वांत घाण बंदरांत मोजलं जायचं. अपुऱ्या प्रक्रियेचं सांडपाणी थेट खाडीत जायचं. खटले झाले, न्यायालयानं १९८५ नंतर कामाचं वेळापत्रक घालून दिलं, डिअर आयलंडवर प्रचंड प्रक्रिया केंद्र उभं राहिलं आणि २००० साली शुद्ध केलेलं पाणी १५ किलोमीटर दूर समुद्रात सोडणारा बोगदा सुरू झाला. दुसरी अडचण उंच महामार्गाची. १९५० च्या दशकात बांधलेल्या या महामार्गानं शहर आणि पाणी यांच्यात भिंतच घातली होती. तो जमिनीखाली नेला. त्या कामाचा खर्च अंदाजपत्रकाच्या कित्येक पट झाला आणि वेळही फार लागला; सॉफ्टवेअरवाल्यांना यात नवल वाटणार नाही. पण आज वर दीड मैल लांबीची बाग आहे, आणि आई काठी टेकत त्या बागेतून मंडईला गेली.

तिसरी गोष्ट कायद्याची. मॅसॅच्युसेट्समध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर लोकांचा हक्क जुन्या काळापासून मानलेला आहे. काठावर भराव टाकून कुणी हॉटेल किंवा ऑफिस बांधलं, तरी पाण्याकडेची वाट सगळ्यांना खुली ठेवावी लागते. अशा तुकड्यांतून ४० मैलांहून लांब हार्बरवॉक तयार झाली आहे. म्हणजे खोलीचं भाडं आम्ही भरलं, पण ती वाट, ती बाकं आणि तो सूर्योदय गळ टाकून बसलेल्या त्या गृहस्थांचाही तेवढाच होता. अर्थात समुद्र आपला हक्क सोडत नाही. ४ जानेवारी २०१८ च्या वादळी भरतीत पाणी लाँग व्हार्फवर चढलं आणि शेजारच्या मेट्रो स्टेशनात शिरलं. पुढचं काम त्या शहरापुढे आहेच.

आता तुमच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी. आई-वडिलांना घेऊन जाताना हॉटेलचे तारे मोजू नका, दारापासूनची पावलं मोजा. नकाशावर एक किलोमीटरचं वर्तुळ काढा, त्यात बाग, खाणं, बसायला बाकं आणि एखादं पाहण्यासारखं ठिकाण असेल तर तिथंच खोली घ्या. पाच रात्रींच्या पैशात तीनच रात्री मिळाल्या तरी चालेल. सकाळी एक ठिकाण, दुपारी खोलीवर झोप, संध्याकाळी एक ठिकाण. हॉटेल जवळ असण्याचा खरा फायदा असा, की दमल्यावर परत येता येतं. आणि पत्त्याचं कार्ड त्यांच्या हातात द्या, आपल्या खिशात ठेवू नका.

घरी परतल्यावर न्यू जर्सी बदललं नाही. फुटपाथ अजूनही नाही. पण आईनं तिकीट अलीकडे घेण्याचा विषय काढला नाही आणि ठरल्या तारखेला गेली. त्यानंतर मी दर शनिवारी तिला जवळच्या गावातल्या मुख्य रस्त्यावर सोडू लागले आणि दोन तासांनी न्यायला जाऊ लागले. मधल्या दोन तासांत ती काय करायची, ते मी विचारत नसे. ती सांगायची, आणि ते ऐकायला मजा यायची.

आपल्या वर्गातले काही जण आज बांधकामात आहेत, काही शासकीय सेवेत, काहींची स्वतःची हॉटेलं आहेत. तुम्हाला एक विनंती. आपल्या गावाला समुद्र आयता मिळालेला आहे. घरापासून त्या पाण्यापर्यंत एखाद्या आजीला रिक्षा न करता, न घाबरता, मध्ये दोनदा बसून पोचता येईल अशी वाट आपल्या हातून होत असेल, तर जरूर करा. आपणही तिथंच पोचणार आहोत, फार वर्षं उरलेली नाहीत.

शाळेनं आपल्याला बोट धरून चालायला शिकवलं आणि वेळ आल्यावर बोट सोडलं. त्याबद्दल इथं बसलेल्या सर्व सर आणि बाईंना मनापासून नमस्कार.