लेखणी कातणारी हत्यारे

लखनौत आणि शेजारच्या बाराबंकीत हाडावर जाळीदार नक्षी कोरणारे कारागीर आहेत. त्यांच्या वाडवडिलांच्या हाती हस्तिदंत असे. १९८६ साली भारतीय हस्तिदंताच्या आणि १९९१ साली परदेशी हस्तिदंताच्या व्यापारावर कायद्याने बंदी आली, आणि हत्तींच्या दृष्टीने ती यायलाच हवी होती. कारागिराच्या हाती मात्र म्हशीचे हाड उरले. हस्तिदंत एकजीव व स्निग्ध, तर हाड कोरडे व सच्छिद्र. पदार्थ बदलला की मुरलेल्या हातालाही पुन्हा उमेदवारी करावी लागते.

लेथवर लेखण्या कातणाऱ्याचीही गत अशीच आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी १९३०च्या दशकात स्वदेशी फाउंटनपेन घडवली आणि १९३५ साली गांधीजींनी पत्र लिहून तिचे स्वागत केले. त्या परंपरेतील लेखण्या एबोनाइटच्या. आज त्याच्या जोडीला रंगीबेरंगी ॲक्रिलिक आले आहे, आणि ते मोठे मानी आहे. चन्नपटणचा खेळणी करणारा कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. तेथे उष्णता ही दासी. ॲक्रिलिकच्या कामात तीच वैरीण. हा पदार्थ पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपासच मऊ पडू लागतो. बोथट हत्यार दाबले की तो चिकटतो, गढूळ होतो. अधाशीपणे खोल घास घेतला तर टवका उडतो. पेनच्या टोकांशी भिंतीची जाडी कधी कधी एक मिलिमीटरहूनही कमी उरते. तेथे टवका उडाला की दिवसभराचे काम केरात जाते.

मग हत्यार कोणते घ्यावे? कार्बाइडची लहान चौकोनी वा गोल पाती हल्ली लोकप्रिय आहेत. एक कड झिजली की पाते फिरवून दुसरी पुढे आणायची. नवख्याला ही सोय मोलाची आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि शिकणाऱ्याने हायस्पीड पोलादाची एक तिरपी पटाशी आणि एक खरवडणी आधी वापरावी, असे माझे मत आहे. कारण धार म्हणजे काय हे ती हत्यारे शिकवतात. हे पोलाद १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगापुढे आले. साधे पोलाद चाकावर तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते. हे मात्र सुमारे ५०० अंशांपर्यंत आपला कठीणपणा राखते.

धार लावताना घाई नको. पटाशीच्या उतारावर शाईचा हात फिरवावा, चाक हातानेच किंचित फिरवावे आणि शाई कोठे पुसली ते पाहावे. फक्त टोकाशी किंवा फक्त टाचेशी पुसली असेल तर कोन चुकला. सबंध उतारावर पुसली गेली, मगच चाक सुरू करावे. नंतर हत्यार उजेडात धरावे: बोथट कडेवर प्रकाशाची बारीक रेघ चमकते, तीक्ष्ण कडेवर काहीच दिसत नाही. कार्बाइड मात्र नेहमीच्या चाकाला दाद देत नाही. त्याची सपाट वरची बाजू हिऱ्याच्या बारीक पाटीवर घासावी लागते.

खरवडणीच्या वरच्या अंगालाही थोडा उतार द्यावा. मग ती पदार्थात घुसत नाही, वरचा पापुद्रा तेवढा काढते. तिची धार म्हणजे कडेवर उलटलेली नाजूक कोर. ती लवकर विझते, म्हणून शेवटचा हात फिरवण्यापूर्वी खरवडणी पुन्हा चाकाला लावून घ्यावी. कंटाळा येतो खरा, पण नेमक्या याच वेळी केलेला आळस महागात पडतो.

हत्यार कसे चालले आहे हे चुरा सांगतो. लांब, सलग फीत निघू लागली की धार ठीक आहे. मात्र ती फीत कामाभोवती गुंडाळली जाते. ती काढण्यासाठी लेथ थांबवावा, चालत्या लेथवर बोटे नेऊ नयेत. फितीऐवजी भुकटी उडू लागली, तर दाब वाढवू नये, उलट हत्यार उचलून चाकाकडे जावे. आणि भुकटी ॲक्रिलिकची असो की हाडाची, तोंडावर मुखपट्टी नसताना ती फुफ्फुसातच जाते.